दुसरे जू नको : पंडिता रमाबाई ख्रिस्ती का राहिल्या?



गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे पत्र आले. ती आता कॅनडातील सस्काटून या शहरी नोकरी करते. तिकडे नदी गोठून दगडासारखी होते आणि सकाळी दार उघडले की श्वास मिशीवर गोठतो, असे तिने गमतीने लिहिले होते. पुढचा मजकूर मात्र गमतीचा नव्हता. तिचे घराणे आपल्यासारखेच. खापरपणजोबा कोकणातून ऊस तोडायला मॉरिशसला आले. पुढे घराण्याच्या एका शाखेने ख्रिस्ती धर्म घेतला. तिच्या आजीला मी पाहिले आहे. गळ्यात क्रूस आणि ओठांवर कोकणातली गाणी, अशी ती म्हातारी होती.

आता सस्काटूनच्या ज्या चर्चमध्ये ही मुलगी जाते, तिथे तिचा वडीलधाऱ्यांशी खटका उडाला. मंडळीच्या पैशांचा हिशेब तिने मागितला. तो देण्याऐवजी तिला सांगण्यात आले की बाईमाणसाने आधी प्रार्थना करावी, प्रश्न मागाहून विचारावेत. ती विचारते की बाई, आता या धर्मात राहावे तरी कशासाठी? जिथे माणसे अशी वागतात, तिथे देव कसा असेल?

मी धर्मगुरू नाही. मी शाळेत मराठी शिकवणारी बाई. कुणी कोणत्या धर्मात राहावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण असाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच भाषेच्या एका बाईपुढे उभा राहिला होता, आणि तिने त्याचे उत्तर सगळे आयुष्य खर्चून दिले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मी शिक्षकाचे प्रशिक्षण घेत असताना तिचे चरित्र पहिल्यांदा वाचले. त्या मुलीला मी तेच लिहून पाठवले. आज ते आपणा सर्वांसाठी येथे देत आहे.

ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे पंडित. त्यांचा एकच गुन्हा होता. त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवले. बायकांना देववाणी शिकवणे त्या काळी पाप समजले जाई. लोकांचा विरोध झाला, तेव्हा शास्त्रीबुवांनी गाव सोडून रानात आश्रम बांधला. आई लक्ष्मीबाईंनी लहानग्या रमेला पहाटे मांडीवर घेऊन भागवताचे श्लोक पाठ करून घेतले.

पुढे पैसा संपला, कर्ज झाले, आणि सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळाच्या ओसरीवर बसून पुराण सांगायचे, श्रोते जे देतील त्यावर दिवस काढायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. भीक मागणे शास्त्रीबुवांना माहीत नव्हते, आणि अंगमेहनतीचे काम त्यांच्या जातीत कुणी कधी केले नव्हते. होते नव्हते ते देवाला वाहून, ब्राह्मणांना दान देऊन, उपासतापास करून ते वाट पाहत राहिले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. भूक हेच तिघांच्या मरणाचे कारण. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या.

उरला भाऊ श्रीनिवास. दोघे बहीणभाऊ हजारो मैल पायी हिंडले आणि 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. एका बाईला असा मान त्यापूर्वी कुणी दिलेला नव्हता. केशवचंद्र सेन यांनी तिच्या हातात वेद ठेवला आणि वाचायला सांगितले. धर्मशास्त्रे वाचता वाचता एक गोष्ट त्यांना खुपू लागली. ग्रंथ अनेक होते आणि त्यांची मते वेगवेगळी होती. पण बायका आणि शूद्र यांच्याविषयी बोलताना मात्र सगळ्यांचा सूर एकच. त्यांना स्वतःच्या बळावर मोक्ष नाही.

1880 मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. आसामकडे सिल्चरला संसार थाटला. 1881 मध्ये मनोरमा ही मुलगी झाली, आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने नवरा गेला. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. सिल्चरच्या त्या घरातच त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली होती. ती त्यांनी आवडीने वाचली होती, पण तेव्हा ते फक्त वाचनच होते.

पुढे त्या पुण्यास आल्या. 1882 मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली की आमच्या देशाला स्त्री शिक्षिका हव्यात आणि स्त्री डॉक्टर हव्यात. स्वतः वैद्यक शिकावे या इच्छेने त्या 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. भाड्याचे पैसे त्यांनी त्या पुस्तकाच्या विक्रीतून उभे केले. कुणाच्या उपकाराखाली जायचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

इंग्लंडात वाँटेज या गावी सेंट मेरीच्या जोगिणींचा मठ होता. या मठाच्या भगिनी पुण्यातही काम करीत, म्हणून ओळख होती. रमाबाई तिथे राहिल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात एकच गदारोळ उठला. ज्यांनी त्यांना पंडिता म्हणून डोक्यावर घेतले होते, तेच आता बाटगी म्हणू लागले.

त्यांनी हे का केले? याचे उत्तर त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. मठाच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथील एक घर दाखवले. ज्यांना समाज पतित म्हणून टाकून देतो, अशा बायकांना तिथे आसरा होता. चांगल्या घरच्या बायका त्यांची शुश्रूषा करीत होत्या, त्यांच्याशी मायेने बोलत होत्या. रमाबाईंनी आपल्या देशात अशा बायकांना कुणी जवळ केलेले पाहिले नव्हते. त्यांनी विचारले की तुम्ही हे का करता? तेव्हा भगिनींनी त्यांना येशू आणि शोमरोनी बाई यांची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, परक्या जातीची ती बाई. तिच्याशी येशू बसून बोलला, आणि तिला हलके लेखले नाही. ज्या मुलीने आईबापांना भुकेने मरताना पाहिले होते, जिला ग्रंथांनी सांगितले होते की तुला मोक्ष नाही, तिच्या मनाला ही गोष्ट जाऊन भिडली.

पण वाचकहो, खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. बाप्तिस्मा झाला म्हणजे रमाबाई मुकाट झाल्या असे नाही. त्या प्रश्न विचारू लागल्या.

पाण्याने बाप्तिस्मा झाला तेव्हा चर्चचा समज असा होता की आता ही बाई जे शिकवू ते मानील. रमाबाईंनी बायबल उघडले आणि स्वतः वाचायला घेतले. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना जसा शिकवला तसा पटेना. जो अमुक मानणार नाही तो नरकात जाईल असे सांगणारे जुने मतांगीकार त्यांना म्हणवेनात. आपल्या लहान मुलीलाही, जे आपल्याला पटलेले नाही ते शिकवू नये, असे त्यांनी बजावले. मठात त्यांची धर्ममाता होती सिस्टर जेराल्डिन. रमाबाई तिला मायेने आजीबाई म्हणत. या आजीबाईंचा आणि त्यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. ही पत्रे 1977 मध्ये महाराष्ट्रात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. ती वाचताना कळते की दोन्ही बाजूंना प्रेम होते, आणि तरीही दोघींना माघार घ्यायची नव्हती.

वाद नुसत्या सिद्धांतांचा नव्हता. तो रोजच्या जगण्याचाही होता. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडे घातलेले पक्वान्नही खाईनात. भगिनींना वाटले की हा जुना जातीचा अभिमान आहे. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंचे म्हणणे असे की देवाचे नाव कोरायचे तर आमच्या संस्कृतात का नको? लॅटिन जास्त पवित्र असे कुणी ठरवले?

सर्वांत मोठा खटका 1884 मध्ये उडाला. रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकत आणि शिकवीतही होत्या. हिंदुस्थानात जाणाऱ्या तरुण इंग्रज पुरुषांना त्यांनी भाषा शिकवावी अशी एक सूचना निघाली. लगेच मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांचे मत मागवण्यात आले. दोघांनी सांगितले की हे बरे दिसणार नाही. हिंदुस्थानात तिची अब्रू जाईल. रमाबाईंना फार राग आला. आपल्या वडिलांनी, भावाने, नवऱ्याने ज्या स्त्रीला सभेत पुरुषांसमोर बोलू दिले, तिला आता सातासमुद्रापलीकडचे बिशप घरात बसवणार होते. त्यांनी कळवले की माझ्या सदसद्विवेकावर मी कुणाचा ताबा चालू देणार नाही. एका पुरोहितवर्गाच्या जुवाखालून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली, ती दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या जुवाखाली देण्यासाठी नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

आता विचार करा. अशा वेळी त्यांना परत फिरणे किती सोपे होते! पुण्यातले सुधारक त्यांना हातोहात झेलायला तयार होते. ख्रिस्ती धर्म सोडते एवढे म्हटले असते तर महाराष्ट्राने मिरवणूक काढली असती. दुसरी वाट अशी होती की चर्चच्या मंडळींचे सगळे मान्य करून पैसा आणि पाठिंबा घ्यायचा. रमाबाईंनी दोन्ही वाटा सोडल्या. त्या ख्रिस्ती राहिल्या आणि स्वतंत्रही राहिल्या.

त्यांच्या लिहिण्यावागण्यातून याची जी कारणे मला दिसतात, ती साध्या शब्दांत सांगते.

पहिले कारण असे की त्यांनी येशू आणि चर्च या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. चर्च माणसांनी चालवलेले आहे आणि माणसे चुकतात. पण ज्याने शोमरोनी बाईला हलके लेखले नाही, त्याची चूक त्यांना दिसली नाही. मग माणसांवर रागावून त्याला का सोडावे?

दुसरे कारण असे की ज्यासाठी त्यांनी हा मार्ग धरला होता ते काम त्यांच्या डोळ्यांसमोर होते. टाकलेल्या बाईला जवळ घेणे हा त्यांच्या दृष्टीने धर्माचा गाभा. बिशपांशी भांडून तो गाभा बदलत नव्हता.

तिसरे कारण मला शिक्षिका म्हणून सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या बायबल स्वतः वाचत होत्या. ज्याला पुस्तक दुसऱ्याने वाचून दाखवावे लागते, तो त्या दुसऱ्याशी भांडला की पुस्तकही सोडतो. ज्याला वाचता येते, त्याला पुस्तक सोडण्याची गरज पडत नाही.

1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, तो 11 मार्चचा समारंभ पाहण्यासाठी. तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर 1887 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गावोगाव व्याख्याने दिली. 1887 मध्येच बॉस्टनला त्यांच्या नावाची संस्था निघाली, आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसे देण्याचे तिने ठरवले. बरोबर तीन वर्षांनी, 11 मार्च 1889 रोजी, मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. तिथल्या अगदी पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही असे ठरले होते. तेव्हा मिशनरी नाराज झाले. ख्रिस्ती बाई शाळा चालवते आणि ख्रिस्ताचे नाव शिकवत नाही, हे कसे? दुसरीकडे हिंदू पालक नाराज झाले, कारण रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसत. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले, 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या टीकेत काहीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. आपली विधवा मुलगी विश्वासाने ठेवावी आणि ती परधर्मात जावी, याचे दुःख त्या आईबापांना झाले असेल, ते खोटे कसे म्हणावे? पण रमाबाईंनी दार लावून घेतले नाही. लपून प्रार्थना करणे त्यांना जमण्यासारखे नव्हते.

1896-97 मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाईंना आपला जुना दुष्काळ आठवला. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन परतल्या. पुण्याजवळ केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विणकाम, तेलाचा घाणा, गाईगुरे, शेती, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल, असे सगळे तिथे होते, आणि सारे बायकांच्या हातांनी चालत होते. कोणत्याही एका पंथाच्या चर्चच्या ताब्यात त्यांनी ते दिले नाही.

सरकारलाही त्या भ्यायल्या नाहीत. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात सरकारी बंदोबस्ताखाली बायकांचे जे हाल झाले, त्याविरुद्ध त्यांनी मुंबईच्या वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले. राज्यकर्ते ख्रिस्ती, आपणही ख्रिस्ती, तेव्हा गप्प बसावे, असा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

आयुष्याची शेवटची अनेक वर्षे त्यांनी एकाच कामाला वाहिली. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी सगळे बायबल साध्या मराठीत आणले. आधीची भाषांतरे पंडितांना कळतील अशी होती. केडगावच्या शेतात राबणाऱ्या बाईला कळेल असे पुस्तक त्यांना हवे होते. ज्या मुलीला आईने मांडीवर बसवून देववाणी शिकवली, तिने देवाचे शब्द दुसऱ्या मुलींच्या बोलीत आणले. जुलै 1921 मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. अनुवाद पुरा झाला, आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या मागे, 1924 मध्ये, प्रसिद्ध झाले.

आता एक गंमत ऐका. ज्या इंग्लंडच्या चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे जन्मभराचे मतभेद झाले, त्याच चर्चने आपल्या पंचांगात 30 एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ ठेवला आहे. जिला शिस्त लावायची होती, तिची आठवण आता तेच करतात.

रमाबाई एकट्याच अशा नव्हत्या. 'फुलांमुलांचे कवी' रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. अमेरिकन मिशनची नोकरी त्यांनी 1917 मध्ये सोडली, पण ख्रिस्ताला सोडले नाही. 'देवाचा दरबार' काढून त्यांनी अभंगांतून भजन चालू ठेवले. आणि आमच्या त्या मुलीच्या सस्काटूनचेच उदाहरण घ्या. लिडिया ग्रूची नावाच्या बाईने 1923 मध्ये तिथल्या प्रेस्बिटेरियन कॉलेजात धर्मशास्त्राचे शिक्षण पुरे केले. बाई आहे म्हणून चर्चने तिला पाळकाची दीक्षा दिली नाही. ती बाहेर पडली नाही. सस्काचेवानच्या गावांतून ती काम करीत राहिली, आणि तेरा वर्षांनी, 1936 मध्ये, मूस जॉ येथे युनायटेड चर्च ऑफ कॅनडाची पहिली दीक्षित स्त्री झाली.

त्या मुलीला मी हे सगळे लिहिले आणि शेवटी एवढेच म्हटले. तू राहा असे मी सांगत नाही, आणि जा असेही सांगत नाही. पण राहायचे असेल तर हिशेब मागणे सोडू नकोस, आणि जायचे असेल तर कुणा एका माणसावरच्या रागाने जाऊ नकोस. रागाने सोडलेले घर माणसाला रात्री आठवते.

तिचे उत्तर परवा आले. पुढच्या सभेत हिशेबाचा प्रश्न ती पुन्हा मांडणार आहे. बरोबर आणखी दोन बायका उभ्या राहणार आहेत. आणि रमाबाईंचे मराठी बायबल कुठे मिळेल, असे तिने विचारले आहे. आजीची भाषा वाचता येते का ते तिला पाहायचे आहे.

आपल्या बेटावर देऊळ, मशीद आणि चर्च एकाच रस्त्यावर असतात. कुणाच्या घरी काय पुजले जाते ते सगळ्यांना माहीत असते. आपण हिंदू असा की ख्रिस्ती, पुजाऱ्याशी, पाळकाशी किंवा मंडळाच्या अध्यक्षाशी आपलाही कधी ना कधी खटका उडतोच. तेव्हा रमाबाईंना आठवावे. मान ताठ ठेवावी, हातातले पुस्तक स्वतः वाचावे, आणि ज्याच्यासाठी आपण त्या दारात आलो होतो, त्याला विसरू नये.